मचूळ पाण्याची गोळी

साखरेचा पाक उकळायला लागला की मी आजही स्वयंपाकघरातून बाहेर पडते. लाडू करायचे असतील तर रवा मी भाजते, खोबरं मी किसते, डबे पुसून उन्हात मी ठेवते. पाक मात्र मुलीने करायचा. ते जाड बुडबुडे आणि कडेला गोळा होणारी राखाडी मळी मला बघवत नाही. एका उन्हाळ्यात मी तेरा वेळा पाक केला. तेराही वेळा मला मळमळलं, आणि त्यातला एकच घाणा माणसाने तोंडात घालण्याच्या लायकीचा निघाला. तो घरात कोणी खाल्ला नाही.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. आम्ही नालासोपाऱ्याला आचोळ्यात तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. नवरा नोकरीला मुंबईत, तो सकाळी जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. मी सातिवलीला, बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. आलेला माल, गेलेला माल, उरलेला माल, सगळं वहीत. घरीही माझी तीच पद्धत होती. फ्रिजवर एक यादी, कपाटाच्या दाराला आतून एक यादी, आणि पाण्याच्या पिंपांवर रंगाने लिहिलेलं: ‘पिण्याचे’, ‘वापरायचे’. पिण्याचं म्हणजे टँकरचं गोडं पाणी. वापरायचं म्हणजे बिल्डिंगच्या बोअरचं, मचूळ, गंजाचा वास असलेलं. भांडी, फरशी आणि संडास यांसाठी ते.

नवरा, मी, शाळेत जाणारी मुलगी, आणि घरात चौथं माणूस म्हणजे सासरे. सगळं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेलं. स्वभावाने गोड, मुलीचा अभ्यास घेणारे, भाजी निवडून देणारे. पण तंबाखू.

तंबाखूबद्दल मला सभ्य शब्दांत लिहिता येत नाही. बेसिनला आतून तपकिरी ओघळ पडलेले असत, आणि ते रोज सकाळी कामाला जायच्या आधी मी घासत असे. उशीच्या अभ्र्यावर उजव्या बाजूला नेहमी एक डाग. तोंडातला चोथा ते बोटाने काढत आणि खिडकीच्या ग्रिलला बाहेरून चिकटवत. वाळला की पडतो, असं त्यांचं म्हणणं. तो पडत नसे, दगड होत असे. टीव्ही बघताना थुंकायला म्हणून एक स्टीलचा ग्लास ठेवलेला होता. बाकीच्या ग्लासांत मिसळू नये म्हणून त्याच्या बुडाला मी लाल नेलपॉलिश लावलं होतं. तरी एकदा पाहुण्यांना त्यातून पाणी गेलं. पाहुणे कोण होते ते इथे लिहीत नाही, त्यांच्यातले काही अजून आमच्याकडे येतात.

मार्चमध्ये त्यांची दाढ दुखायला लागली म्हणून स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. तिने दाढ बघितली आणि मग टॉर्च गालाच्या आत वळवला. बराच वेळ तिथेच धरून ठेवला. मलाही बोलावून दाखवलं. उजव्या गालाच्या आत, नखाएवढा, दह्याच्या कवडीसारखा पांढरा चट्टा.

"दोन महिने," ती म्हणाली. "तंबाखू पूर्ण बंद. कमी नाही, बंद. दोन महिन्यांनी चट्टा गेला असेल तर उत्तम. नसेल तर तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवावा लागेल."

पुढचं तिने सांगितलं नाही. आम्हाला ते माहीत होतं. सासऱ्यांच्या थोरल्या भावाचा अर्धा जबडा काढलेला होता. शेवटच्या वर्षी नळीने पेज देताना मी त्यांना पाहिलं होतं, आणि सासरे त्यांच्या उशाशी बसलेले होते.

घरी आल्यावर सासऱ्यांनी तंबाखूची पुडी माझ्या हातात दिली. डबी मात्र दिली नाही. ती दुतोंडी डबी होती, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. "रिकामी आहे. खिशात असू दे. हात तिथे जातो आणि काही लागलं नाही तर जीव घाबरतो."

मी दोन महिन्यांचा तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. रोज एक खूण. चौथ्या दिवशी सासरे जेवायचे थांबले. सहाव्या दिवशी त्यांनी मुलीवर आवाज चढवला, आणि मग गच्चीवर जाऊन एकटे बसून राहिले.

"बाबा, काहीतरी चघळा. लवंग?"

"भाजतं."

"बडीशेप?"

"मी काय हॉटेलात जेवून उठलोय?"

मी दुकानातल्या पाच प्रकारच्या गोळ्या आणल्या. त्यांनी एकेक तोंडात घातली आणि एकेक बाहेर काढली. "ही बाळंतकाढ्यासारखी लागते. ही साबणासारखी. सूनबाई, आमच्या गावच्या जत्रेत आल्याची कडक गोळी मिळायची गो. डोळ्यांतून पाणी यायचं. ती असती तर गालात धरून बसलो असतो दिवसभर."

तर मी ती करायची ठरवली. मला स्वयंपाक येतो, माप येतं, कृती वाचता येते. गोळीत काय अवघड असणार? मासिकातून कापून वहीत चिकटवलेली एक कृती माझ्याकडे होती. रविवारी सकाळी मी साहित्य ओळीने मांडलं: साखर दोन वाट्या, पाणी एक वाटी, आलं, मिरपूड, मळी काढायला चमचाभर दूध.

साखर इतकी घाणेरडी असते हे मला त्या दिवशी कळलं. दूध घातल्यावर काळपट फेस वर आला, त्यात सुतळीचे धागे आणि एक कसलासा पाय होता. पाय मुंगीचा होता असं मी स्वतःला सांगितलं. फेस काढला. पाक ढवळत राहिले, कारण मला ढवळायची सवय, आणि ताटात ओतल्यावर दहा मिनिटांत पुन्हा त्याची साखर झाली. ओली, पिवळी, आल्याचे केस असलेली साखर.

दुसऱ्यांदा ढवळलं नाही. तेव्हा तो खालून करपला, आणि धूर पडद्यांत बसला तो आठवडाभर गेला नाही. कढई तीन दिवस भिजत ठेवली. तिच्यातलं पाणी बघून मला सासऱ्यांचा ग्लास आठवत होता. अगदी तोच रंग.

तिसऱ्यांदा जमलं असं वाटलं. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर टण्ण वाजला. मी हाताला तेल लावून गोळ्या वळल्या, तळहाताला दोन फोड आले, तरी चाळीस गोळ्या मोजून बरणीत भरल्या आणि कामाला गेले. संध्याकाळी आले तर बरणीत एकच गोळी होती, बरणीच्या आकाराची. आमच्याकडच्या हवेत एप्रिलमध्ये मीठसुद्धा पाणी सोडतं, साखरेचं काय घेऊन बसलात. झाकण नीट बसलं नव्हतं, आणि त्या ढेकळात मुंग्या अडकलेल्या होत्या. काही मेलेल्या, काही अजून पाय हलवणाऱ्या. मी बरणी तशीच खाली टाकायला निघाले तर सासऱ्यांनी चमच्याने एक तुकडा फोडून घेतला.

"बाबा! मुंग्या आहेत!"

"मुंगी खाल्ली की नजर सुधारते, असं आई म्हणायची." त्यांनी नखाने एक मुंगी बाजूला केली, दोन राहू दिल्या, आणि तुकडा गालात सारला. जरा वेळाने म्हणाले, "गोड आहे नुसतं. तंबाखूच्या जवळपासही नाही."

त्या रात्री मी जेवले नाही. पण तक्त्यावर खूण केली. सोळा दिवस झाले होते, आणि त्यांचे हात थरथरायला लागले होते. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे त्यांना दोनदा उभं राहिलेलं शेजाऱ्यांनी बघितलं होतं. नुसतं उभं. नवरा म्हणाला, "मी काही बोललो तर ते हट्टाने खातील. तूच बघ." मुलगे वडिलांच्या बाबतीत हे वाक्य फार लवकर म्हणतात.

चौथ्या घाण्याच्या आदल्या दिवशी टँकर आला नाही. ‘पिण्याचे’ पिंपात तळाला चार बोटं पाणी होतं, आणि ते पिण्याशिवाय कशालाही मी देणार नव्हते. मी हिशोबी विचार केला. पाक उकळतोच. उकळलं की सगळं पाणी सारखं. ‘वापरायचे’ पिंपातून एक वाटी पाणी घेतलं. आलंही पिळून गाळायचा कंटाळा केला, किसून तसंच टाकलं. पाक गढूळ झाला, मग तपकिरी झाला. गोळ्या वळल्या त्या आजारी माणसाच्या नखांच्या रंगाच्या. एक चाखली आणि धावत बेसिनपाशी गेले. खारट, कडवट, वर आल्याचा जाळ, आणि मागून बादलीतल्या फडक्याची चव. मी ताट मोरीजवळ ठेवलं, टाकायला.

हात धुऊन परत आले तर सासरे मोरीपाशी वाकलेले. त्यांचा उजवा गाल फुगलेला होता.

"बाबा, ती नाही! ती टाकायची आहे!"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं.

"हीच," ते म्हणाले.

"कसली हीच? संडासाचं पाणी आहे त्यात!"

"असेल. पण लागतं. चुना लागतो तसं लागतं. सगळ्या कर गो अशा."

त्या दिवशी ते जेवले. दोन चपात्या आणि भात. मी बघत होते आणि मला एकही घास गिळता येत नव्हता.

दोन दिवसांनी टँकर आल्यावर मी पाचवा घाणा केला, गोड्या पाण्याचा. तोपर्यंत माझा हात बसला होता. लिंबाचे चार थेंब टाकले की पाक साखरत नाही हेही मला कळलं होतं. गोळ्या मधासारख्या झाल्या, आरपार दिसणाऱ्या, कडक, सुंदर. सासऱ्यांनी एक तोंडात घातली आणि लगेच काढून बशीत ठेवली. "ही ती नव्हे."

मी दोन्ही प्रकारच्या गोळ्या डबीत भरून कारखान्यात नेल्या. पॅकिंगमध्ये एक वयस्कर बाई होती, मिठागरांकडच्या गावातली. तिला सगळे मावशी म्हणायचे. मावशीने आधी चांगली गोळी खाल्ली, मान डोलावली. मग दुसरी जिभेवर ठेवली, डोळे बारीक केले आणि खिडकीतून बाहेर थुंकली.

"पानी कुठलं घातलंस?"

"उकळलेलं होतं, मावशी."

"उकळलेलं का गाळलेलं ते नाय विचारत. कुठलं?"

"बोअरचं."

"मंग! पानी आटतं, मीठ उरतं. आमी जलमभर तेच केलं. तू ते कढईत केलंस बाय, आनि वर साखर घातलीस." ती पदराने जीभ पुसायला लागली. "एवढ्या वह्या लिवतेस, ही गोष्ट तुला ठाव नाय? कोनाला मारायला केलीस ही?"

"सासऱ्यांना जगवायला," मी म्हटलं. पॅकिंगच्या बायका इतक्या हसल्या की सुपरवायझर बघायला आला.

मग मी शिस्तीने तेच करत राहिले. वहीत कृती लिहिली: साखर दोन वाट्या, बोअरचे पाणी दीड वाटी, आलं न गाळता, पाक तपकिरी होईपर्यंत. इतकं घाण काहीतरी नीट माप घेऊन, मुद्दाम करायचं, हे माझ्या स्वभावाला झेपत नव्हतं. कढई वेगळी ठेवली, उलथनं वेगळं ठेवलं. नाकाला पदर बांधून करायचे. घट्ट झाकणाच्या बाटल्या कारखान्यातून मागून आणल्या, गोळ्या चिकटू नयेत म्हणून तळाला पिठीसाखर टाकली; घट्ट झाकणामुळे मुंग्याही थांबल्या.

पण गोळी खाण्याची त्यांची रीत तंबाखूचीच होती. आधी तळहातावर घ्यायची, अंगठ्याने दोनदा चोळायची, मग गालात. मी दिवसाला सहा गोळ्या ठरवून दिल्या होत्या. त्या पुरवायच्या म्हणून अर्धी चघळलेली गोळी ते बाहेर काढत आणि खिशातल्या डबीत ठेवत. तंबाखूच्या बाजूला. तासाभराने ती पुन्हा तोंडात. शर्टाचा खिसा आतून चिकट आणि तपकिरी झालेला. धुताना मी तो काडीने उलटा करायचे.

मे महिन्याच्या सुरुवातीला, अडतिसाव्या दिवशी, धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशातून डबी काढून मी बाजूला ठेवली तेव्हा ती उघडली. आत अर्धी गोळी होती, लाळेने चमकणारी, आणि तिला बारीक तपकिरी काड्या चिकटलेल्या होत्या. वास तंबाखूचा.

मी डबी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. ते मुलीच्या वहीवर रेघा आखून देत होते.

"बाबा, ह्यात काय आहे?"

"गोळी."

"आणि?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पट्टी खाली ठेवली. "आणि काय?"

"काड्या आहेत. वास येतोय."

"चाळीस वर्षांची डबी आहे ती. वास येणारच."

"बाबा, खरं सांगा. कोपऱ्यावर दोनदा उभे होतात तुम्ही."

"उभा होतो." ते उठले, चपला घातल्या. "तक्ता तू लावलास सूनबाई, मी काही बोललो नाही. शाळेतल्या पोरासारख्या खुणा केल्यास, तरी बोललो नाही. आता माझ्या तोंडावर विश्वास नसेल तर चाखून बघ." आणि दार ओढून गच्चीवर गेले.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला मी खाली खेळायला पाठवलं.

टेबलावर डबी आणि समोर मी. तक्त्यावर अडतीस खुणा होत्या, आणि त्या खऱ्या की खोट्या हे सांगणारी एकच वस्तू समोर होती. बघून कळत नव्हतं. वासाने कळत नव्हतं, डबीचा वास सगळ्यावर बसलेला. तंबाखूची चव मात्र मला माहीत होती. माझी आई मशेरी लावायची, आणि सहा वर्षांची असताना मी ती दातांना लावून पाहिली होती. मग अंगणभर ओकले होते. ती चव विसरत नाही.

मी ती गोळी उचलली. ती मऊ पडली होती आणि बोटांना धरून राहिली. डोळे मिटून जिभेवर ठेवली.

काय वाटलं ते लिहिणं अवघड आहे. दुसऱ्याच्या तोंडातली ऊब गेलेली होती, पण चिकटपणा होता. मी दात दाबून धरले आणि एक काडी दातांत पकडून चावली. ती चुरली नाही. दोरीसारखी लांबली, आणि मग जाळ आला. आलं. मी न गाळता किसून टाकलेलं, पाकात करपलेलं आलं. दुसरी काडी, तेच. तिसरी, तेच. खारट, कडू, आलं. दुसरं काही नाही.

त्यानंतर बेसिनपाशी मी किती वेळ होते ते सांगत नाही. दात घासले, चूळ भरली, पुन्हा दात घासले. मग डबी गरम पाण्याने धुतली, पुसली, त्यात बाटलीतली एक नवी गोळी ठेवली आणि गच्चीवर गेले. ते टाकीच्या सावलीत बसले होते. मी डबी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी उघडून बघितलं. "आधीची कुठे गेली?"

"टाकली."

"चाखलीस?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, ओठाला टूथपेस्ट राहिली असावी. एकदम मान खाली घातली. "वेडी आहेस," म्हणाले. "मी रागाने बोललो होतो गो."

पुढच्या घाण्याला मी आलं फडक्यातून गाळलं. दुसऱ्याच दिवशी तक्रार आली.

"काड्या कुठे गेल्या?"

"काढल्या."

"काड्या हव्यात. गालात धरायला तेवढंच असतं."

पुन्हा न गाळता.

मे संपताना आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी तक्ता घडी करून पर्समध्ये घेतला होता. तिने टॉर्च लावला, गाल आरशाने बाजूला केला. या वेळी तिने टॉर्च दुप्पट वेळ धरला असं मला वाटलं.

"फिकट झालाय," ती म्हणाली. "बराच. कडा दिसतात फक्त. आत्ता तुकडा काढायची गरज नाही. तीन महिन्यांनी परत या. पण दातांचं काय करून ठेवलंत? साखर खाताय का?"

सासऱ्यांनी अभिमानाने खिशातून डबी काढली आणि उघडून तिच्यासमोर धरली. आत अर्धी चघळलेली गोळी होती. "सूनबाईने घरी केलेली. चाखून बघा."

डॉक्टरीणबाई खुर्चीसकट मागे सरकली. माझ्याकडे तिने बघितलं ते मी आजही विसरले नाही. रोज लोकांच्या तोंडात हात घालणारी बाई ती.

बाहेर पडलो तर रस्त्यापलीकडे पानाची टपरी. टपरीवाल्याने सासऱ्यांना ओळखलं. त्याचा हात आपोआप पुडीकडे गेला. "काय काका, दिसला नाहीत बऱ्याच दिवसांत."

सासरे थांबले. मीही थांबले. तंबाखूचा वास आमच्यापर्यंत येत होता. त्यांचा हात खिशाकडे गेला, डबी निघाली. ती अर्धी गोळी त्यांनी तळहातावर घेतली, अंगठ्याने दोनदा चोळली. एरवी मी अशा वेळी मान फिरवत असे. त्या दिवशी मला शिसारी आली, तरी ती गोळी उजव्या गालात नीट बसेपर्यंत मी बघत राहिले.

"नको रे," ते टपरीवाल्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, फुगलेल्या गालाने, "किती उरल्यात?"

"नऊ."

"म्हणजे उद्यापर्यंत."

पुढच्या हातगाडीवर मी पाव किलो आलं घेतलं.